उजव्या पंखाखालचा आडोसा

या विश्वात भूत नाही.

हे मी चाळीस वर्षं छापून आणलं आहे. व्याख्यानांतून सांगितलं आहे. एकदा तर एका जत्रेत, अंगात आलेल्या बाईच्या हातातला माईक काढून घेऊन सांगितलं आहे. विज्ञानाला, विवेकाला आणि माझ्या अल्पशा अभ्यासाला स्मरून मी आजही छातीठोकपणे सांगतो, की पृथ्वीच्या पाठीवर कुठेही, कोणत्याही काळी, कोणत्याही रूपात भूत अस्तित्वात नाही.

कर्जत तालुक्यात एक आहे.

तेवढं एक वगळता मात्र कुठेही नाही.

पुढे लिहिलेलं सगळं खरं आहे. खोटं लिहिण्याचा मला भरपूर अनुभव आहे, त्यामुळे फरक कळतो. आयुष्यभर मी लोकांची टिंगल करून पोट भरलं. आता निवृत्त आहे, टिंगल फुकट करतो. पण ही टिंगल नाही.

या पेजवरच्या गोष्टी बहुतेक अमावास्येच्या रात्री घडतात. ही मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला, लख्ख उजेडात घडली. त्याबद्दल वाचकांनी माफ करावं. वेळ मी ठरवली नव्हती.

नगरहून मिरजगाव ओलांडून कर्जतच्या दिशेने निघालं, की एका ठिकाणी डांबरी रस्त्यावरून आत वळावं लागतं. दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा. त्या संपल्या की माळ. नुसता माळ. झाड नाही, घर नाही, सावली मागून आणावी लागेल अशी जागा.

त्या माळावर एक खासगी धावपट्टी आहे. तिथे छोटी विमानं चालवायला शिकवतात. संस्थेचं नाव सांगत नाही. मेलेल्यांबद्दल मी बेधडक लिहितो. जिवंतांना वकील असतात.

माझी भाची वृषाली तिथे शिकवायला होती. माझ्या धाकट्या बहिणीची, शुभांगीची मुलगी. तिला आता बंगळुरूला मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि त्या दिवशी तिचा माळावरचा शेवटचा दिवस होता. "दादा, तिचं सामान घेऊन ये," असं शुभांगी म्हणाली. शुभांगी म्हणाली, की आणायचं असतं.

आणखी एक सांगायला हवं.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तिथे एक माणूस गेला होता. वाऱ्याने विमान उलटलं, तो खाली सापडला. वृषाली आत होती. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं. ती पुन्हा विमान चालवू लागली. त्यानंतर ती जेवायची, बोलायची, विनोदाला हसायचीसुद्धा...

पण वेळापत्रक लावल्यासारखी. हसायची वेळ झाली, हसली. संपलं.

मी पोहोचलो तेव्हा ती आकाशात होती. निरोपाची म्हणून एक चक्कर मारायला तिला विमान दिलं होतं. मी कँटीनमध्ये बसलो. कँटीन म्हणजे पत्र्याची शेड, दाराला गोणपाटाचा पडदा, आणि आत रंगुबाई.

रंगुबाई पाथर्डीकडची. साठीच्या आसपास. चहा पुढे ठेवून ती समोर उभी राहिली.

"तुमी वृषालीम्याडमचे मामा ना?"

"हो."

"न्यायला आला व्हय?"

"हो. सामान बांधून झालं की निघू."

तिने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते.

"मंग त्यांना एक सांगा. जायच्या आदी माझ्या सहादूचं नाव घ्या म्हनावं. एकदाच."

सहादू म्हणजे तो गेलेला माणूस. ही त्याची आई, हे मला तेव्हा कळलं. म्हातारीला वाटत असेल, पोरीने जाताना आपल्या मुलाची आठवण काढावी. मी समजूतदार चेहरा केला. तो मला जमतो.

"घेईल की, रंगुबाई. का नाही घेणार?"

"तसं न्हाई. इमानात बसून घ्यायचं. वारा सुटल्यावर." आणि मग एकदम खालच्या आवाजात, "वरीस झालं, साहेब. समद्यांची नावं घेत्यात. त्याचंच न्हाई घेत."

मला काही समजलं नाही. चहा चांगला होता. मी तो संपवला आणि बाहेर आलो.

बाहेर अंगद दोर तपासत होता. तो तिथला मदतनीस, तिशीतला. दोघे आणखी होते, पण ते लग्नाला गेले होते. मे महिन्यात आपल्याकडे पृथ्वी बुडाली तरी माणसं आधी पंगत उरकून येतात.

विमान उभं करायची जागा सिमेंटची. जमिनीत लोखंडी कड्या. डाव्या पंखासाठी एक दोर, उजव्यासाठी एक, शेपटीसाठी एक. विमानं आत ठेवायचा हँगर होता, पण त्याचे पत्रे वादळात उडून शेजारच्या लिंबाच्या बागेत पडले होते. ते बागवाल्याने कोंबड्यांच्या खुराड्याला वापरले.

अंगदने दोन दोर माझ्या हातात दिले.

"बघा मामा. काय दिसतंय?"

डावा दोर झिजलेला होता. ताण पडून पडून बारीक झालेला, जागोजागी कुसळं निघालेली.

उजवा कोराकरकरीत.

"हा नवा आणला का?"

"दोनी एकाच दिशी आनलेत." त्याने उजवा दोर परत घेतला. "ह्यो कवा तानलाच न्हाई."

"म्हणजे?"

तो खाली बसला आणि कडीतली माती काडीने काढत बोलू लागला. माझ्याकडे न बघता.

"इमान म्हंजी काय मामा, वजनाला दोन म्हशी. पर म्हैस वाऱ्यानं उडत न्हाई. ह्याला पंख हायेत. वारा समोरनं आला, की हे उभ्या जागी उडाय बघतं. इंजिन बंद असलं तरी. मंग दोन गडी लागत्यात. दोनी अंगाला एकेक. पंखाखालून पोटाकडं तिरका दांडा येतो ना, त्यो धरायचा आन् इमानासंगं चालायचं. म्याडम इंजिन बंद करनार, आमी चाकाला ठोकळं लावनार, दोर बांधनार. मंग म्याडम एकेकाचं नाव घेऊन म्हननार, सोड. आपन वरडून सांगायचं, सोडलं. नाव घेतल्याबिगर हात काढायचा न्हाई."

"नाव कशाला? नुसतं 'सोडा' म्हटलं तर?"

"ही पद्धत सहादूनं आनली हितं. त्यो आमच्यासंगं ऊसतोडीला हुता. ट्रकला शिडी लावून मोळ्या वर चढवत्यात. खाली एकजन शिडी धरून उभा. तिथं गलक्यात सोड, धर, समदेच वरडत्यात. म्हनून शिडीवरच्यानं नाव घेऊन सोड म्हनल्याबिगर धरनारा हात काढत न्हाई. काढला तर वरचा गडी मेला." काडी मोडली. त्याने दुसरी घेतली. "म्याडमला ती पद्धत लई आवडली."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिशी डाव्या अंगाला मी, उजव्याला त्यो. वावटळ आली. असली वावटळ मी कवा बघितली न्हाई. म्याडम आतून वरडल्या, 'सोडा! पळा सगळे!' त्यांनी आमच्या जिवासाठीच म्हनलं."

तो थांबला.

"मी सोडलं."

"आणि सहादू?"

"त्याचं नाव कुठं घेतलं हुतं?"

मी हातातला डावा दोर खाली ठेवला. 

"इमान त्याला घेऊनच वर गेलं. उलटं हून खाली आलं. आमी पत्रा उचलला, तवा त्याची बोटं दांड्याला तशीच हुती. उघडायला दोघंजन लागलो." कडी साफ झाली होती, तरी तो काडी फिरवत राहिला. "इमान दुरुस्त केलं. तेच हाय ह्ये, म्याडम चालवत्यात ते. तवापासनं वारा कितीबी असू द्या, उजवा दोर ढिलाच ऱ्हातो. त्या अंगाला आता कुनी धरत न्हाई. लागतच न्हाई."

मी हसलो. सवयीने हसलो. आमच्या घरात वडिलांनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले आणि खाली आम्हाला बसवून एकेका भुताची कारणमीमांसा करून घेतली. त्या फोटोंखाली वाढलेल्या माणसाला ढिल्या दोराची शंभर कारणं सुचतात.

पहिलं कारण सुचायच्या आत वारा पडला.

एकदम.

शेडचा पडदा सरळ लोंबू लागला. कुठेतरी टिटवी ओरडत होती, ती गप्प झाली. खांबावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, रिकाम्या बाहीसारखी खाली आली.

अंगद उठून उभा राहिला. जामखेडच्या बाजूला बघत.

तिकडे आभाळ नव्हतं. तिथे जमिनीपासून वरपर्यंत मातीच्या रंगाची भिंत होती. आणि ती चालत होती.

"म्याडम कुठं ऱ्हायल्या..." अंगद पुटपुटला.

म्याडम आल्या. त्या भिंतीच्या पुढे, तिच्याहून थोड्याशाच वेगाने. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं आणि आमच्याकडे येऊ लागलं, माणसाच्या चालीने. तेवढ्यात वाऱ्याने गाठलं.

वृषालीने मला एकदा समजावलं होतं. वारा समोरून तिरका आला, तर हातातलं चाक वाऱ्याकडे वळवायचं. मागून आला, तर वाऱ्यापासून दूर, आणि पुढे दाबून धरायचं. मी म्हटलं होतं, आमच्या जिल्ह्यातले पुढारी हे उपजतच शिकून येतात. ती वेळापत्रकाप्रमाणे हसली होती.

आता वारा मागून होता. विमानाची शेपटी उचलली जात होती, आपटत होती, पुन्हा उचलली जात होती.

अंगद पळाला. पळता पळता ओरडला, "मामा! आज लईच हाय! तुमी उजवा धरा! मागनं या, म्होरल्या पंख्याकडं जाऊ नगा!"

माझं वजन छपन्न किलो आहे. चष्म्यासकट.

तरी पळालो. आत माझी भाची होती. काचेतून तिचा चेहरा दिसला. भीती नाही, काही नाही. कोरी पाटी. फक्त दोन्ही हात चाकावर पांढरे पडलेले.

मी उजवा दांडा धरला.

पहिल्या झटक्याला माझ्या टाचा उचलल्या. दुसऱ्याला चपला गेल्या. पंख वर निघाला होता आणि मी त्याला लोंबकळत होतो, दोरीवर टाकलेल्या टॉवेलसारखा. मी मनात शुभांगीला सांगायचं वाक्य तयार करू लागलो...

आणि पंख थांबला.

सावकाश खाली आला. माझे पाय जमिनीला लागले.

मला वाटलं, वारा कमी झाला. पण आवाज तसाच होता. माळ नुसता घोंघावत होता. पलीकडे अंगदचा शर्ट फुग्यासारखा फुगला होता, त्याचे केस उभे होते, डोळ्यांत माती जाऊन तो रडत होता.

मी माझ्या शर्टाकडे पाहिलं.

तो लोंबत होता.

बाही हलत नव्हती. चष्म्यावर माती नव्हती. माझ्या पुढून धूळ जात होती, मागून जात होती. माझ्यापर्यंत येत नव्हती. आपल्याला वारा लागू नये म्हणून कुणी उंच, रुंद माणूस अगदी जवळ आडवा उभा राहावा... तसं.

मी बाजूला पाहिलं.

कुणी नव्हतं.

आम्ही चालू लागलो. विमान, अंगद आणि मी. खाली मुरूम होता. माझ्या अनवाणी पायांचा आवाज होत नव्हता...

तरी माझ्या बाजूला मुरूम वाजत होता. कर्र. कर्र. जड पाय, सावकाश. विमानाच्या चालीने.

दांड्यावर धुळीचा थर बसला होता. माझ्या हाताच्या वर, वीतभर अंतरावर, चार आडव्या पट्ट्यांवर मात्र धूळ बसत नव्हती. तेवढीच जागा पांढरी. चकचकीत.

मी त्यांच्याकडे बघायचं थांबवलं. भीती वाटली नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसा मी अख्खाच माझा राहिलो नव्हतो.

सिमेंटची जागा आली. वृषालीने विमानाचं नाक वाऱ्याकडे केलं. इंजिन बंद. अंगदने ठोकळे लावले. डावा दोर बांधला. शेपटीचा बांधला. मग उजव्या बाजूला आला, माझ्याकडे एकदा, माझ्या बाजूला एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि उजवा दोर बांधला. परत जाऊन आपला दांडा धरला.

खिडकी उघडली. वृषालीचा आवाज, सपाट.

"अंगद, सोड."

"सोडलं!"

"मामा, सोडा."

"सोडलं," मी म्हणालो. आवाज कुण्या बाईचा आल्यासारखा आला.

मी दोन पावलं बाजूला झालो आणि वाऱ्याने अशी थोबाडीत दिली, की मी खालीच बसलो. तोंडात, नाकात, डोळ्यांत माती. म्हणजे वारा होता. एवढा वेळ तो मलाच लागत नव्हता.

बसल्या बसल्या मी दोरांकडे पाहिलं.

डावा दोर तारेसारखा ताठ. गुणगुणत होता.

उजवा ढिला. पोट खाली सोडून झुलत होता, पाळण्याच्या दोरीसारखा.

"म्याडम."

रंगुबाई. ती शेडमधून कधी आली कळलं नाही. पदर तिच्या मागे फडाफड वाजत होता. ती एका हाताने डोईवर धरू बघत होती आणि तो हातातून निसटत होता.

"म्याडम, एक नाव ऱ्हायलं."

"मावशी, आत जा. पत्रे उडतील."

"उडू द्या. तुमी आज चालल्या. उद्या कोन घील त्याचं नाव? ज्यानं धर म्हनलं, त्यानंच सोड म्हनाय पायजे. दुसऱ्याचं त्यो ऐकनार न्हाई. लहानपनापासनं तसाच हाय, हट्टी."

वृषाली समोर बघत राहिली. काचेतून, वाऱ्याच्या भिंतीकडे.

मी उठलो. खिडकीजवळ गेलो. "वृषाली, आधी खाली उतर. काय बोलायचं ते उतरून बोल."

"आतूनच बोलावं लागतं, मामा."

"अगं, तो दोर बघ. तो सुटला तर..."

"दिसतंय मला."

"म्याडम, त्या दोरावर माझा इस्वास न्हाई," अंगद ओरडला. "वरीसभर त्यानं कामच केलेलं न्हाई!"

मी अशी माणसं पाहिली आहेत. वर्षानुवर्षं कोरी राहतात, आणि भार पडला की पहिल्या झटक्याला जातात. त्यांच्यावर मी एक अख्खी लेखमाला लिहिली होती. आता तसल्या एका दोराच्या आणि उलटणाऱ्या विमानाच्या मध्ये माझी भाची बसली होती.

"मावशी," वृषाली म्हणाली. अजून समोरच बघत. "मी नाव घेतलं आणि त्याने उत्तर दिलं, तर?"

"दील की. माझं पोरगं हाय."

"आणि नाही दिलं तर?"

रंगुबाईचा पदर फडफडत राहिला. मग ती पुढे आली आणि पहिल्यांदाच म्याडम म्हणाली नाही.

"पोरी, त्याचा हात भरून आला आसंल गं."

वृषालीने डोळे मिटले. उघडले. चाक दोन्ही हातांनी धरलं.

"सहादू," ती म्हणाली. अंगदला म्हणाली तशीच. "सोड."

काही झालं नाही.

वारा तसाच. दोर तसाच. झुलत.

आम्ही सगळे त्या ढिल्या दोराकडे बघत उभे. मला वाटलं, चला, संपलं. विवेक जिंकला. निघू या, गादी बांधायची आहे.

"वाऱ्यात ऐकू गेलं नसंल," रंगुबाई म्हणाली. "मोठ्यानं म्हना."

वृषालीचं तोंड वाकडं झालं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या चेहऱ्यावर वेळापत्रकाबाहेरचं काही पाहिलं. तिने खिडकीबाहेर मान काढली, उजव्या पंखाकडे तोंड केलं आणि घसा फाटेल अशी ओरडली.

"सहादूऽऽ! सोऽऽड! सहादू, सोड रेऽऽ!"

धाड्!

बंदूक उडावी तसा आवाज झाला. उजवा दोर ताठ. विमान डाव्या अंगावर कललं, उजवं चाक ठोकळ्यावरून वीतभर वर आलं. वृषाली आत खांद्यावर आपटली. अंगदने दोराकडे उडी घेतली. मीही काहीतरी केलं असेल, आठवत नाही.

चाक हवेत थांबलं.

मग खाली आलं.

दोर टिकला. डाव्यासारखाच गुणगुणू लागला. एकाच सुरात, दोघे.

अंगद दांड्याखाली उभा होता, कानामागे हात धरून. "सोडलं" ऐकायला. मीही ऐकत होतो. वृषालीही.

आवाज आला नाही.

आला नाही तो नाहीच.

मी रंगुबाईकडे पाहिलं. तिला काय सांगावं, ते शोधत होतो.

तिचा पदर...

तिचा पदर फडफडत नव्हता.

खांद्यावरून सरळ खाली आला होता, घरात बसलेल्या बाईसारखा. कपाळावरची बट हलत नव्हती. धूळ येत होती, तिच्याजवळ येऊन दोन्हीकडून वळत होती आणि पुढे जात होती.

ती वर बघत होती. किंचित डावीकडे, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघतात तसं.

"चल," ती म्हणाली. आम्हाला नाही.

आणि ती शेडकडे चालत गेली. सावकाश. एवढ्या वादळात, एवढ्या अंतरात, तिच्या पदराचं टोकसुद्धा हललं नाही.

वृषाली खाली उतरली आणि चाकाला टेकून जमिनीवर बसली. मला वाटलं, रडेल. ती बराच वेळ हातांच्या तळव्यांकडे बघत राहिली.

"मामा, भूक लागली," ती म्हणाली.

अंगदने आपल्या डब्यातली भाकरी आणून दिली. तिने ती चटणीशी खाल्ली. तिखट लागली म्हणून अंगदला दोन शिव्या दिल्या. मग रडली. मग उरलेली खाल्ली.

मी पुढे बराच अभ्यास केला. वारा अडथळ्याच्या कडेने वळतो आणि मागे शांत जागा तयार होते, हे शास्त्र आहे. मोठमोठ्या पुस्तकांत आकृत्यांसह दिलं आहे. प्रत्येक आकृतीत अडथळा दाखवलेला असतो.

आता वारा सुटला, की मी सावेडीतल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघतो. सगळे हलत असतात. एखादा हलत नाही. मग मी पुढे जात नाही. बहुतेक वेळा तो नुसता ओला असतो. पण हात लावून बघायला मी बायकोला पाठवतो.

वृषाली बंगळुरूला आहे. बरी आहे. फोनवर मध्येच खोटं कारण सांगून फोन ठेवते, म्हणजे माणसात आली आहे. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही.

निघताना मी रंगुबाईला सांगायला शेडमध्ये गेलो होतो. तेवढं लिहितो आणि थांबतो.

वादळ ओसरत आलं होतं. पडदा बाजूला करून मी आत गेलो. आत अंधार होता, खिडक्या लावलेल्या. भिंतीकडेच्या बाकड्यावर रंगुबाईने गोधडी अंथरली होती. उशाला पोतं गुंडाळून ठेवलं होतं. बाकड्यावर कुणी नव्हतं. ती गॅसच्या शेगडीजवळ बसून, आवाज होऊ न देता, पातेली एकात एक घालून ठेवत होती.

"रंगुबाई," मी म्हणालो, "आम्ही निघतो. आणि ते सहादूचं..."

तिने ओठांवर बोट ठेवलं.

 आत इतकं शांत होतं, की बाहेरचा वारा कुणा दुसऱ्याच्या गावात सुटल्यासारखा वाटत होता.

ती उठली. हलक्या पावलांनी माझ्याजवळ आली आणि कानाशी कुजबुजली.

"आत्ताच पडलाय. लई दमलाय, त्याला न्हाई सांगत." मग दाराबाहेर बोट दाखवून, "तुमी तेवढा भरलेला सिलिंडर आत सरकवून द्या."